धडा मोफत झाला, सोबतीचे काय?

मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण २०११ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला, एक लाख साठ हजार जणांनी नावे नोंदवली आणि शिक्षणाचे नवे युग उजाडल्याची द्वाही जगभर फिरली. ही सुरुवात सोयीची आहे, पण अपुरी आहे. शिक्षणाचे दार सर्वांना उघडण्याची खटपट त्याच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे चालू होती, आणि ती नजरेसमोर नसेल तर २०१२ नंतर जे घडले त्याचा उलगडा होत नाही. या सगळ्या काळात प्रत्येक नव्या साधनाने शिक्षणाचा एकेक भाग स्वस्त केला: आधी परीक्षा, मग छापील पाठ, मग प्रवेश, मग व्याख्यान. दर वेळी असे धरून चालले गेले की एक भाग स्वस्त झाला की बाकीचे आपोआप जुळून येईल. एक गोष्ट मात्र कधीच स्वस्त झाली नाही. विद्यार्थी अडला आहे, मागे पडला आहे, गेले तीन आठवडे गप्प आहे, हे ज्याच्या ध्यानात येते आणि ज्याला त्याचे काही वाटते, असा माणूस. त्या माणसाची तजवीज जिथे केली गेली तिथे मुक्त शिक्षण रुजले. जिथे ती राहून गेली तिथे मोफत धड्यांचा लाभ मुख्यतः आधीच शिकलेल्यांच्या पदरात पडला.

सुरुवात परीक्षेपासून झाली. लंडन विद्यापीठाला १८५८ मध्ये नवी सनद मिळाली आणि विद्यार्थी कोणत्या महाविद्यालयात शिकला, मुळात महाविद्यालयात गेला की नाही, हे न विचारता त्याला पदवी परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली. आदल्याच वर्षी लंडनचा साचा पुढे ठेवून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली होती. परीक्षा घेणे हे त्यांचे मुख्य काम होते. शिकवणे महाविद्यालयांवर सोपवलेले होते. पुढे आपल्याकडे जो बहिःस्थ विद्यार्थी दिसू लागला तो याच विचाराचा वारस: अर्ज भरायचा, मिळतील ती पुस्तके मिळवायची आणि परीक्षेच्या दिवशी हजर व्हायचे, मधले सगळे ज्याचे त्याने पाहायचे. टपालाने शिकवण्याची कल्पना याच्याही आधीची आहे. ब्रिटनमध्ये १८४० पासून एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला घेतली. त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, तो तपासला जायचा आणि चुका दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यायचा. दूरशिक्षणाच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एकाच्या केंद्रस्थानी दुरुस्ती होती, ही गोष्ट पुढच्या अनेक उत्साही प्रवर्तकांच्या नजरेतून निसटली.

तपासणारा माणूस मोठ्या प्रमाणावर परत आणला तो ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने, आणि तिच्या घडणीवर थोडे थांबायला हवे. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात मांडलेली कल्पना रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची होती. नामवंत प्राध्यापक बोलतील आणि देश घरी बसून ऐकेल, असा तिचा सर्वसाधारण अर्थ घेतला गेला. जेनी ली यांनी मंत्री या नात्याने ती तडीस नेली. १९६९ मध्ये सनद मिळाली, जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांसह शिकवणे सुरू झाले. आधीच्या शिक्षणाची कोणतीही अट नव्हती. जो आधी अर्ज करील त्याला आधी जागा. मात्र पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात उभे केले ते मूळ कल्पनेहून बरेच निराळे होते. बीबीसीवरचे कार्यक्रम हा अभ्यासाचा लहानसा भाग राहिला. मुख्य भार छापील पाठांवर होता, आणि ते पाठ एकट्या प्राध्यापकाने लिहिलेले नव्हते. विषयतज्ज्ञ, अध्यापनतज्ज्ञ आणि बीबीसीचे निर्माते यांच्या गटाने ते पुन्हा पुन्हा घासूनपुसून तयार केलेले असत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी प्रयोगाची पेटी येई. तिच्यात जॉन मॅकआर्थर यांच्या रचनेवरून बनवलेला, हातात मावणारा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेशी पाहता याव्यात. आणि या सगळ्याच्या मागे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नावानिशी नेमलेला ट्यूटर होता. लिहून पाठवलेला स्वाध्याय तो तपासायचा, समासात शेरे लिहायचा, जवळच्या अभ्यासकेंद्रात भेटायचा. उन्हाळ्यात आठवडाभराचे निवासी वर्ग होत. प्रौढ माणसे, त्यांतली अनेक पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली, तिथे पहिल्यांदा आपल्यासारख्या इतरांना पाहत.

या विद्यापीठावर तेव्हा आक्षेप घेतला गेला की पूर्वपात्रता न पाहता घेतलेली माणसे पदवीपर्यंत पोहोचणार नाहीत आणि सरकारी पैसा वाया जाईल. हुजूर पक्षातल्या अनेकांचे मत असेच होते. पण १९७० मध्ये तो पक्ष सत्तेवर आला तेव्हा शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर यांनीच विद्यापीठ चालू ठेवले, कारण हिशेब मांडल्यावर एकेका विद्यार्थ्यामागचा खर्च पारंपरिक विद्यापीठापेक्षा कमी दिसत होता. सोबतीवर पैसा खर्च करूनही खर्च कमी. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. मधल्या काळात, १५ ऑगस्ट १९८४ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. चांगली निर्मिती असूनही ते बरेचसे इंग्रजीत आणि एकतर्फी राहिले. महाराष्ट्राने मात्र १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभारताना ओपन युनिव्हर्सिटीचा खरा धडा उचलला होता. संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांनी आधी पुणे विद्यापीठ सांभाळले होते. परीक्षायंत्रणेच्या बळावर काय होते आणि काय होत नाही, ते त्यांना आतून ठाऊक होते. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम, स्वयंअध्ययनासाठी मराठीत लिहिलेली पुस्तके, चालू महाविद्यालयांतच सुट्टीच्या दिवशी भरणारी अभ्यासकेंद्रे, तिथली संपर्कसत्रे आणि ती घेणारे समंत्रक, अशी ती रचना होती. शेतीचे शिक्षणक्रम शेतकऱ्याच्या भाषेत बेतले गेले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य आज कोणत्याही संकेतस्थळाला शोभेल, पण तेव्हा घरोघरी जाणाऱ्या गंगेला वाटेत घाट बांधावे लागतात याची जाण त्या रचनेत होती. पुढच्या काळात सगळीच अभ्यासकेंद्रे सारख्या निष्ठेने चालली नाहीत. काही ठिकाणी संपर्कसत्र कागदावरच राहिले, अशा तक्रारी नेहमीच्या झाल्या. त्या तक्रारींमुळे मूळ विचार खोटा ठरत नाही. उलट, विद्यार्थ्यांना नेमकी कशाची उणीव भासली हे त्यांतून कळते.

खरे तर महाराष्ट्राला हा विचार विलायतेहून आणायची गरजच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ मध्ये केला, पण कोल्हापुरातली वसतिगृहे त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, एकामागून एक उभी राहिली होती. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याचे बोर्डिंग हा तिचा कणा बनवला. शाळेची फी माफ केल्याने खेड्यातला मुलगा शिकत नाही. त्याला राहायला जागा, दोन वेळचे जेवण, अभ्यासाची शिस्त आणि पाठीवर हात ठेवणारे कोणी तरी लागते, हे या दोघांनी कोणत्याही सर्वेक्षणाविना ओळखले होते. मोफत आणि मुक्त यांच्यातले अंतर त्यांनी वसतिगृहाच्या भिंतींनी भरून काढले.

इंटरनेटचा अध्याय सुरू होतो तो एका सुंदर निर्णयाने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, इंटरनेटवरून शिक्षण विकून काय मिळेल याचा अभ्यास करत होती. समितीच्या हिशेबात नफा दिसेना, आणि तिने उलटाच सल्ला दिला: सगळे अध्यापनसाहित्य फुकट देऊन टाका. एप्रिल २००१ मध्ये अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनी ओपनकोर्सवेअरची घोषणा केली, ह्यूलेट आणि मेलन या दोन प्रतिष्ठानांनी पैसा दिला, आणि २००७ पर्यंत जवळजवळ १,८०० अभ्यासक्रमांची टिपणे, स्वाध्याय, प्रश्नपत्रिका जगापुढे आल्या. संस्थेने अपेक्षा धरली होती ती जगभरच्या शिक्षकांची. प्रत्यक्षात वापरणाऱ्यांत शिक्षक थोडे निघाले. बहुतेक जण विद्यार्थी किंवा आपले आपण शिकणारे होते. ज्या आफ्रिकी विद्यापीठांत इंटरनेट तुटपुंजे होते तिथे सगळे साहित्य हार्ड डिस्कवर भरून पाठवले गेले. २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस बैठकीत अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक संसाधने हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. या परवान्यांचे मोल पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नुसते वाचायला फुकट मिळणे ही देणाऱ्याची मर्जी असते. प्रत काढण्याचा, भाषांतर करण्याचा, बदल करून पुन्हा वाटण्याचा अधिकार मिळतो तेव्हा ते साहित्य घेणाऱ्याचे होते आणि देणाऱ्याने उद्या हात आखडता घेतला तरी ते राहते. एमआयटीने कधी असा दावा केला नाही की हे साहित्य म्हणजे एमआयटीचे शिक्षण आहे. शिक्षण आमच्या आवारात, साहित्य सर्वांना, एवढे ती स्वच्छ सांगत होती. या प्रामाणिकपणाबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे.

हा विवेक दहा वर्षांनी सुटला. कॅनडात जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम खुला केला तेव्हा फी भरणारे सुमारे २५ आणि मोफत सामील झालेले २,२०० च्या आसपास होते. डेव्ह कॉर्मिये यांनी त्याला ‘मूक’ हे संक्षिप्त नाव दिले. त्या प्रयोगात सहभागी लोकांनी आपापसांत लिहिणे, वाद घालणे, एकमेकांना शिकवणे हाच गाभा होता. २०१२ च्या लाटेने नाव घेतले आणि गाभा टाकला. थ्रन यांनी यूडॅसिटी काढली, अँड्रू एंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा, एमआयटी आणि हार्वर्डने प्रत्येकी तीन कोटी डॉलर घालून एडएक्स. एडएक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमाला, मंगळुरूचे आणि मद्रास आयआयटीत शिकलेले अनंत अगरवाल यांच्या विद्युत मंडलांच्या वर्गाला, १,५५,००० जणांनी नाव घातले. उत्तीर्ण झाले ७,१५७. उलानबाटरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवून पुढे एमआयटीत दाखल झाला, आणि ती कहाणी सगळीकडे सांगितली गेली. कहाणी खरी होती आणि आनंदाची होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा होता. पन्नास वर्षांत जगात दहाच उच्च शिक्षणसंस्था उरतील, असे भाकीत थ्रन यांनी केले.

परीक्षेची वेळ लवकरच आली. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने यूडॅसिटीबरोबर गणिताचे दोन आणि संख्याशास्त्राचा एक असे अभ्यासक्रम १५० डॉलरमध्ये सुरू केले. त्यांत आधी गणितात नापास झालेले विद्यार्थी होते, ओकलंडच्या एका शाळेतली मुले होती, आणि त्यांतल्या काहींकडे घरी संगणकही नव्हता. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे असे सांगितले जाई, नेमके तेच विद्यार्थी. तिन्ही विषयांत उत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या पुढे फारसे गेले नाही, जुन्या वर्गांच्या बरेच खाली राहिले, आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. त्याच वर्षी थ्रन यांनी आपले उत्पादन वाईट असल्याचे मुलाखतीत मान्य केले आणि कंपनी नोकरदारांच्या कौशल्यशिक्षणाकडे वळवली. मला या कबुलीपेक्षा ते वळण जास्त बोलके वाटते. गणितात अडलेल्या मुलाला सोबत लागते, ती परवडत नाही असे दिसले, तेव्हा यंत्रणेने पद्धत तीच ठेवली आणि ज्याला सोबतीची गरज कमी आहे असा विद्यार्थी शोधला.

आकडेवारीही हेच सांगते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरच्या आपल्या सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा पाचांतल्या चारांहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. भारत, चीन, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी आपापल्या समाजातील सर्वांत सधन आणि सुशिक्षित ६ टक्क्यांतले होते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी शेवटपर्यंत गेलेले ३ टक्क्यांच्या आसपास होते. यावर घेतला जाणारा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला कोणी नापास म्हणत नाही. मग मोफत अभ्यासक्रमाचे दोन धडे पाहून निघून गेलेल्याला का म्हणावे? मुद्दा रास्त आहे. पाहायला आलेले पाहून गेले, त्यात कोणाचे नुकसान नाही, आणि एकूण नोंदणीवर काढलेली टक्केवारी दिशाभूल करते. पण हार्वर्डच्याच एका अभ्यासात विद्यार्थ्यांना सुरुवातीला त्यांचा इरादा विचारला होता. अभ्यासक्रम पूर्ण करायचाच, असे सांगून बसलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के जणांनाच प्रमाणपत्रापर्यंत पोहोचता आले. चाळायला आलेले सोडून देऊ. शिकायला आलेल्या दर पाचांतले जवळजवळ चार वाटेत गळाले, हा प्रश्न शिल्लक राहतो. फी भरून नोंदणी करणाऱ्यांत पूर्णतेचे प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत दिसते. पैसे भरल्याने जिद्द येते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण ज्याच्याकडे पैसे भरायची ऐपत आहे त्याच्याकडे बहुधा शांत खोली, चांगले इंटरनेट आणि अडल्यावर विचारायला सहकारीही असतो, हे त्या आकड्यातून वगळता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की लाभ सधनांना जास्त झाला म्हणून काय बिघडले. मोफत गोष्ट कोणाकडून काही हिरावून तर घेत नाही. बिघडते ते असे की मोफतपणा टिकवायला पैसा लागतो, आणि पैसा देणारा ग्राहक ठरला की संस्थेचे तोंड त्याच्याकडे वळते. एडएक्सने २०१५ च्या अखेरीस मोफत प्रमाणपत्रे बंद केली, पुढे मोफत पाहण्यालाही मुदत घातली. कोर्सेराने २०१६ मध्ये जुनी यंत्रणा बंद केली तेव्हा शेकडो अभ्यासक्रम जाळ्यावरून उतरले. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला टूयू या कंपनीला विकले गेले आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. या अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांना मुक्त परवाना नव्हता, त्यामुळे कोणाला प्रत ठेवता आली नाही, मराठीत आणता आले नाही. याउलट अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे उदाहरण घ्या. तिथल्या व्याख्यानांच्या वीस हजारांहून अधिक चित्रफिती मोफत होत्या. त्यांवर नीट मथळे नसल्याने बहिऱ्या लोकांना त्या वापरता येत नाहीत, अशी तक्रार झाली, अमेरिकेच्या न्याय खात्याने ती मान्य केली आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने त्या लोकांसमोरून काढून घेतल्या. तक्रार न्याय्य होती, काढून घेणे दुःखद होते. पण बऱ्याच फितींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असल्याने इतरांना त्यांच्या प्रती जपता आल्या. मुक्त परवान्याने साहित्य वाचते, हे इथे सिद्ध झाले. त्याने विद्यार्थी वाचत नाही, हेही तितकेच खरे, कारण बहिऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रतींचाही उपयोग नव्हता.

आता आपल्याकडचे पाहू. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएल हा प्रकल्प चालवला, तो एमआयटीइतकाच उदार आणि भारतीय गरजेला जास्त जवळचा होता. गावोगावी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली होती आणि चांगले अध्यापक मिळत नव्हते. ती उणीव भरून काढायला ही व्याख्याने होती. २०१४ पासून त्यांना परीक्षा आणि प्रमाणपत्र जोडले गेले. रचना साधी आहे: दर आठवड्याला एक असाइनमेंट, तिचे २५ टक्के, आणि केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यायच्या परीक्षेचे ७५ टक्के. शिकणे फुकट, परीक्षेला माफक फी. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे महाविद्यालयांत नेमलेले स्थानिक केंद्र, ज्याला तिथले लोक लोकल चॅप्टर म्हणतात, आणि ते सांभाळणारा एक अध्यापक. कोण कोणत्या विषयाला बसला आहे, कोणाची असाइनमेंट राहिली, परीक्षेच्या अर्जाची तारीख कधी, हे तो विद्यार्थ्यांच्या मागे लागून पाहतो. जिथे हा अध्यापक मनापासून काम करतो तिथे मुले शेवटपर्यंत जातात. जिथे ते नुसते नाव आहे तिथे असाइनमेंटची आयती उत्तरे टेलिग्रामवर फिरतात आणि शिकणे बाजूला राहते. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे स्वयम हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. त्यावरच्या अभ्यासक्रमांतून आधी २० टक्के आणि २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने परवानगी दिली. श्रेयांक मिळणे ही मोठी गोष्ट आहे, कारण मान्यतेविना शिकलेले गरीब विद्यार्थ्याला नोकरीच्या दारात दाखवता येत नाही. पण स्वयम सुरू झाले त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक आणि १५ टक्क्यांच्या आसपास घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. मोबाइल त्यानंतर घराघरांत पोहोचला, तरी सहा इंचांच्या पडद्यावर सिद्धता सोडवणे आणि संगणकावर आज्ञावली लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक घराने ते अनुभवले.

मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रकल्पाने व्याख्यान हा प्रकारच बाजूला ठेवला. धडा दहा मिनिटांच्या आसपासचा. त्यात शिक्षकाचा चेहरा दिसत नाही, संगणकाचा पडदा दिसतो. आधी शब्दन् शब्द संहिता लिहायची, अननुभवी माणसाकडून ती वापरून पाहायची, तो जिथे अडेल तिथे वाक्य फोडायचे, मगच ध्वनिमुद्रण करायचे. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचे. एक पायरी ऐकायची, थांबवायची, स्वतः करून पाहायची. चित्र तेच ठेवून आवाज मराठीसह बावीस भाषांत दिला गेला. पडद्यावरची बटणे इंग्रजीत राहतात, कारण नोकरीत तीच दिसणार असतात, पण ती का दाबायची हे कानाला आपल्या भाषेत कळते. धडे मुक्त परवान्याचे, सॉफ्टवेअरही लिब्रेऑफिस किंवा सायलॅबसारखे मोफत, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेतही सगळे उतरवून ठेवता येते. आणि हे सगळे महाविद्यालयात कार्यशाळा भरवून, अध्यापकाच्या उपस्थितीत, शेवटी चाचणी घेऊन शिकवले जाते. त्याच संस्थेत प्रा. दीपक फाटक यांनी हजारो अभियांत्रिकी अध्यापकांना एकाच वेळी शिकवण्याचा जो उपक्रम केला, त्यातही मुंबईतल्या व्याख्यानाच्या दुसऱ्या टोकाला प्रत्येक केंद्रावर एक प्रशिक्षित समन्वयक होता. साधन नवे होते, पण अध्यापकाला वगळायचे नाही हे त्यात ठरलेलेच होते.

तिसरा आणि सर्वांत कडक आक्षेप खर्चाचा आहे. लाखो विद्यार्थ्यांना माणूस पुरवणे परवडणार कसे? याचे उत्तर १९७० च्या ब्रिटिश हिशेबात होते, आणि ते अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेने नव्याने दिले. तिने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सात हजार डॉलरच्या आत देऊ केली; आवारातल्या पदवीला त्याच्या कित्येक पट लागतात. व्याख्याने तशीच ध्वनिचित्रमुद्रित, पण तपासणी आणि शंकानिरसनासाठी पगारी साहाय्यकांची मोठी फळी. विद्यार्थ्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, आणि अभ्यासकांना असे आढळले की त्यातले बहुतेक जण ही सोय नसती तर दुसरीकडे शिकलेच नसते. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवीची तऱ्हाही याच जातीची: जेईई नाही, चार आठवडे शिकवून मग पात्रता परीक्षा, परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर, आणि गरजूंना फीत मोठी सवलत. दोन्ही मोफत नाहीत. तरी फुकट पण एकाकी अशा अभ्यासक्रमांपेक्षा त्या जास्त मुक्त आहेत असे माझे मत आहे, कारण शिक्षणाची किंमत विद्यार्थ्याच्या खिशातून जाणाऱ्या रुपयांइतकीच, हाती काही न लागता गेलेल्या वर्षांतही मोजावी लागते.

सोबतीचे काम यंत्राकडे सोपवता येईल, ही आशा आता पुन्हा जोरात आहे. जॉर्जिया टेकमध्येच प्रा. अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी ‘जिल वॉटसन’ ही संगणक-साहाय्यक वापरली, आणि आजची यंत्रे तिच्याहून फार पुढे गेली आहेत. नेहमीच्या शंका, सरावाची उदाहरणे, मराठीतून पुन्हा एकदा समजावणे, यांत त्यांचा उपयोग होईल आणि तो करावाच. पण यंत्र विचारलेल्याला उत्तर देते, आणि मागे पडणारा विद्यार्थी विचारतच नाही. गप्प होणे हेच त्याचे लक्षण असते. त्याला आठवण करून देणारे संदेश, अभ्यासाचे वेळापत्रक आखायला लावणारे प्रश्न, असे उपाय सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाखांवर विद्यार्थ्यांवर करून पाहिले गेले. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांचा परिणाम लहान आणि अल्पजीवी ठरला. पहिल्या आठवड्यांत थोडी हालचाल, मग पुन्हा तेच.

म्हणून आपल्याकडचा पुढचा खर्च आणखी चित्रफितींवर करू नये. त्या पुरेशा आहेत, आणि ज्या मराठीत नाहीत त्या मुक्त परवान्याच्या असतील तर आणता येतील. खर्च करायचा तो तालुक्याच्या महाविद्यालयातल्या त्या एका अध्यापकावर, ज्याच्याकडे आज स्वयमची जबाबदारी बाकीच्या कामांच्या वर टाकली जाते. चाळीस टक्के श्रेयांक बाहेरून घ्यायला परवानगी देणारा नियम विद्यार्थ्याला मार्गदर्शक अध्यापक देण्याविषयीही बोलतो. पण त्या मार्गदर्शनाचे आठवड्याचे तास अध्यापकाच्या कार्यभारात मोजले गेले, त्याचा मोबदला ठरला आणि तीस-चाळीस विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण बांधले गेले, तरच ती तरतूद विद्यार्थ्यापर्यंत उतरेल. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेतच. रविवारी दोन तास तिथली संगणक प्रयोगशाळा स्वयमच्या विद्यार्थ्यांसाठी उघडली आणि समोर एक समंत्रक बसवला, तर त्याला नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.